सशाच्या पिलांचा आहार

शेळ्या-कोंबड्यांच्या जोडीला ससे पाळणारी कुटुंबे ग्रामीण भागातही आढळतात. कोणी मुलांच्या हौसेखातर एखादी जोडी आणतो, तर कोणी चार-सहा माद्या ठेवून पिलांची विक्री करतो. ससा हा शांत व स्वच्छ प्राणी असून त्यास जागा थोडी लागते. शेताच्या बांधावरील गवतावर त्याचे पोषण होऊ शकते. असे असूनही पुष्कळ घरी एकच अनुभव येतो. बाजारातून आणलेले गुबगुबीत पिलू पहिले चार दिवस खेळते, पाचव्या-सहाव्या दिवशी कोपऱ्यात पाठ काढून बसते, खाणे सोडते, त्यास पातळ हगवण लागते आणि एक-दोन दिवसांत ते दगावते. मग ससा फार नाजूक, तो आपल्याला लाभत नाही, असे म्हणून पिंजरा माळ्यावर टाकला जातो.

वस्तुतः पिलांच्या अशा मृत्यूचे मूळ पुष्कळदा आहारात असते. त्यातही आईचे दूध तुटून पिलू चाऱ्यावर येते तो काळ सर्वांत धोक्याचा होय. या काळात पिलाच्या पोटात काय घडते हे पाळणाऱ्यास नीट समजले, तर पुष्कळ पिले वाचविता येतात आणि त्यासाठी विशेष खर्चही करावा लागत नाही.

पाळीव ससा व रानससा

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. घरी पाळला जाणारा ससा आणि शेतात उसाच्या किंवा ज्वारीच्या आडोशास दिसणारा ससा हे दोन भिन्न प्राणी आहेत. पाळीव ससा मूळचा स्पेन व पोर्तुगाल या देशांकडील. त्याची पिले आंधळी व केस नसलेली अशी जन्मतात. सोव्हिएत चिंचिला, न्यूझीलंड व्हाईट, व्हाईट जायंट इत्यादी जाती याच पाळीव सशाच्या होत. राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत मेंढ्यांबरोबर सशांवरही संशोधन झालेले आहे.

रानसशाची पिले मात्र जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. पिकाची कापणी करताना अशी पिले दिसल्यास ती घरी आणू नयेत. त्यांची आई जवळपासच असते व अंधार पडल्यावर येऊन त्यांना पाजते. शिवाय रानससा पकडणे किंवा पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. म्हणून पिलू जेथे सापडले तेथेच, फार तर शेजारच्या गवताच्या आडोशास, ठेवून द्यावे. पुढील सर्व विवेचन पाळीव सशासंबंधी आहे.

सशाच्या पोटाची रचना

गाय-म्हैस चारा खाते व नंतर निवांत बसून रवंथ करते. ससाही गवतावर जगणारा प्राणी आहे. परंतु तो रवंथ करीत नाही. त्याच्या लहान व मोठ्या आतड्यांच्या जोडाजवळ अंधांत्र नावाची एक मोठी पिशवी असते. पचनसंस्थेचा हाच सर्वांत मोठा भाग होय. या पिशवीत असंख्य उपयुक्त सूक्ष्मजंतू वास करतात आणि चाऱ्याचा बारीक अंश आंबवून त्यापासून प्रथिने व ब गटाची जीवनसत्त्वे तयार करतात.

चाऱ्यातील जाड तंतू या पिशवीत जात नाहीत. ते आतड्यातून सरळ पुढे सरकतात व कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. हे तंतू स्वतः फारसे पोषण देत नसले, तरी आतड्याची हालचाल चालू ठेवण्याचे काम तेच करतात. तंतू कमी पडले की आतडी मंदावतात, अंधांत्रातील माल साचून राहतो व तेथे घातक जंतू माजतात. तंतुमय चारा सशाला कशासाठी हवा, याचे कारण हे असे आहे.

अंधांत्रात तयार झालेले पोषण वाया जाऊ नये म्हणून निसर्गाने एक योजना केलेली आहे. दिवसातून ठरावीक वेळी ससा मऊ, चकाकणाऱ्या, द्राक्षाच्या घोसासारख्या एकमेकींस चिकटलेल्या लेंड्या टाकतो व त्या थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. हे पाहून काही पाळणाऱ्यांना किळस येते, तर काही ती खोड समजून मोडू पाहतात. ही खोड नव्हे. गाईचे जसे रवंथ, तसे सशाचे हे खाणे. त्यास अटकाव केल्यास ससा पोषणास मुकतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. सशास उलटी होत नाही. म्हणून पोटात गेलेले अयोग्य अन्न परत बाहेर टाकण्याचा मार्ग त्यास नाही. तसेच त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात महिन्यास सुमारे १ सेंटीमीटर वाढतात आणि गवत चावल्यानेच ते झिजतात. मऊ खाण्यावर वाढलेल्या सशाचे दात वाकडेतिकडे वाढून जीभ व गाल यांना जखमा करतात. मग भूक असूनही त्यास खाता येत नाही.

पहिले तीन आठवडे

मादी सुमारे ३० ते ३२ दिवसांनी विते. वेतापूर्वी ती आपल्या अंगाचे केस उपटून मऊ बिछाना तयार करते व पिलांना त्यात झाकून ठेवते. त्यानंतर ती पेटीपासून दूरच बसते. दिवसातून एकदा, क्वचित दोनदा, ती पेटीत येते, तीन-चार मिनिटे पाजते आणि निघून जाते. रानात शत्रूला पिलांचा माग लागू नये यासाठी तिचा हा स्वभाव बनलेला आहे. सशाचे दूध गाईच्या दुधापेक्षा फार दाट असते. त्यात स्निग्धांश १२ टक्क्यांच्या आसपास व प्रथिनेही १० टक्क्यांहून अधिक असतात. म्हणूनच एका वेळचे दूध पिलास दिवसभर पुरते व आठवड्याभरात त्याचे वजन दुप्पट होते.

मादी दिवसभर पिलांजवळ जात नाही हे पाहून तिने पिले टाकली असा समज होतो आणि घरातील माणसे कापसाच्या वातीने पिलांना गाईचे दूध पाजू लागतात. ही चूक अनेक पिलांच्या जिवावर बेतते. गाईचे दूध पिलांना मानवत नाही व घाईने पाजलेले दूध फुप्फुसात जाऊन ती गुदमरतात. दूध पाजण्यापूर्वी सकाळी पिलांची पोटे पाहावीत. पोट गोल, तट्ट व कातडीतून पांढरे दूध दिसत असेल, तर मादीने पाजले आहे असे समजून पिलांना हात लावू नये. पोट खपाटीस गेलेले, कातडी सुरकुतलेली व पिले सारखी वळवळत असतील, तरच ती उपाशी आहेत असे मानावे.

मादी मेली असल्यास किंवा तिला दूधच नसल्यास, दोन-तीन दिवसांच्या अंतराने व्यालेल्या दुसऱ्या मादीखाली पिले सोडणे हा सर्वोत्तम उपाय होय. त्यापूर्वी त्या मादीच्या बिछान्यातील केस पिलांच्या अंगावरून फिरवावेत. अशी मादी नसेल तेव्हाच शेळीचे कोमट दूध, सुई नसलेल्या बारीक पिचकारीने, थेंब थेंब, दिवसातून दोन वेळा द्यावे. पिलू पोटावर पालथे ठेवून पाजावे, उताणे धरू नये. गारठलेल्या पिलास आधी ऊब द्यावी व मग दूध द्यावे, कारण थंड पडलेल्या पिलास दूध पचत नाही. पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने पोटाखालचा भाग हलके पुसावा, म्हणजे पिलू लघवी करते. एवढे करूनही अशी सर्वच पिले वाचत नाहीत, हे पाळणाऱ्याने समजून असावे.

दहा-बारा दिवसांनी पिलांचे डोळे उघडतात. याच सुमारास ती बिछान्यात आईने टाकलेल्या लेंड्या कुरतडताना दिसतात. आईच्या पोटातील उपयुक्त जंतू पिलांच्या पोटात जाण्याचा हा एक मार्ग आहे. म्हणून पेटी कोरडी व स्वच्छ ठेवावी. परंतु बिछान्यातील प्रत्येक लेंडी वेचून काढण्याचा अट्टहास करू नये.

दूध तुटण्याचा काळ

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पिले पेटीबाहेर येऊन आईच्या चाऱ्यास तोंड लावू लागतात. त्याच सुमारास आईचे दूध सर्वाधिक असते व पुढे ते उतरत जाते. येथून सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा कसोटीचा काळ समजावा.

याचे कारण असे. दूध पिणाऱ्या पिलाच्या जठरातील आम्लता सौम्य असते. आईच्या दुधापासून जठरात तयार होणारे काही स्निग्ध पदार्थ या काळात घातक जंतूंना आवर घालतात. दूध बंद झाले की हे संरक्षण नाहीसे होते. मोठ्या सशाच्या जठरातील तीव्र आम्ल पुढे हेच काम करते. परंतु ते तयार होण्यास काही दिवस लागतात. मधल्या काळात पिलास ना दुधाचे संरक्षण, ना आम्लाचे. त्यातच धान्य पचविणारे पाचकरस त्याच्या पोटात अजून पुरेसे नसतात. अशा वेळी त्यास मूठभर ज्वारी, मका, भाकरी किंवा पाव दिला, तर त्यातील पिठूळ अंश न पचता तसाच अंधांत्रात उतरतो. तेथे घातक जंतूंना आयते खाद्य मिळते, ते झपाट्याने वाढतात व त्यांच्या विषाने पिलू एक-दोन दिवसांत दगावते.

बाजारात टोपलीत विकावयास येणारी पिले पुष्कळदा चारच आठवड्यांची असतात. त्या वयात पिलाचे दूध तुटते, जागा बदलते, भावंडे दुरावतात, प्रवासाचा ताण बसतो व नव्या घरी चाराही नवा मिळतो. हे पाचही आघात एकाच दिवशी झाले, तर पिलू तग धरील अशी आशा बाळगणे व्यर्थ होय. यास्तव पुढील नियम पाळावेत.

१. पिले सहा आठवड्यांपूर्वी आईपासून तोडू नयेत. घरी पाळण्यासाठी द्यावयाची पिले आठ आठवड्यांची झाल्यावरच द्यावीत. घेणाऱ्यानेही त्याहून लहान पिलू घेऊ नये.

२. दूध तोडताना पिले न हलविता मादीस दुसऱ्या पिंजऱ्यात न्यावे. पिले आपल्या परिचित जागी व भावंडांबरोबर राहतात, त्यामुळे त्यांना दूध तुटल्याचा ताण कमी जाणवतो.

३. दूध तोडण्याच्या आधी एक आठवडा व नंतर एक आठवडा चाऱ्यात कोणताही बदल करू नये.

४. पिलू विकत घेताना ते काय खात होते याची चौकशी करून तोच चारा व खुराक आठवड्याभराचा बरोबर आणावा. नवे खाद्य पहिले दोन-तीन दिवस चौथा हिस्सा, पुढे निम्मे, मग तीन हिस्से असे वाढवीत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदलावे.

५. नव्या घरी आल्यावर पहिले दोन दिवस वाळलेले गवत, ओळखीचा खुराक व पाणी एवढेच द्यावे. मुलांनी त्यास वारंवार उचलून घेऊ नये.

वाळलेले गवत : आहाराचा पाया

मोठ्या सशाप्रमाणे पिलाच्याही आहाराचा पाया वाळलेले गवत हाच आहे. ते पिलापुढे दिवसरात्र असावे. ससा एका वेळी पोटभर खात नाही. तो दिवसभरात अनेक वेळा थोडे थोडे खातो. गव्हाण रिकामी राहिली की पोटाचे चक्र मंदावते.

महाराष्ट्रातील माळरानावर मिळणारे मारवेल व पवना, बांधावरील हरळी, तसेच ओटाचा वाळलेला चारा ही गवते सशास चांगली मानवतात. गवत फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास कापावे. पुढे ते निबर होते व त्यातील पोषण घटते. कापलेले गवत पातळ पसरून एक दिवस ऊन दाखवावे व नंतर हवेशीर सावलीत वाळवावे, म्हणजे त्याचा हिरवा रंग व सुवास टिकतो. पेंढ्या बांधून त्या जमिनीपासून उंच, पावसाची झड लागणार नाही अशा जागी ठेवाव्यात. काळपट पडलेले, कुबट वासाचे किंवा हातात घेताच धूळ उडणारे गवत पिलांना मुळीच घालू नये. भाताचा पेंढा व ज्वारीचा कडबा यांत पोषण अल्प असल्याने अंथरण्यासाठी ते चालतील, पण वाढत्या पिलाचे पोट त्यावर भरत नाही.

गवत पिंजऱ्याच्या तळाशी न टाकता जाळीच्या छोट्या गव्हाणीत किंवा जुडी बांधून टांगून द्यावे. यामागे केवळ टापटीप नाही. कोंबड्यांप्रमाणे सशांच्या पिलांनाही कॉक्सिडिओसिस हा हगवणीचा रोग होतो व एक ते तीन महिने वयाच्या पिलांत त्याचा विशेष उपद्रव असतो. या रोगाची बीजे लेंड्यांवाटे बाहेर पडतात व ओलसर जागी एक-दोन दिवस राहिली की रोग पसरविण्यास समर्थ होतात. लेंड्यांनी माखलेला चारा पिलांच्या पोटात गेला की रोगाचे चक्र सुरू होते. चारा उंचावर ठेवणे व पिंजरा रोज झाडून कोरडा करणे, एवढ्याने हे चक्र पुष्कळ अंशी तुटते.

लसूणघास व हिरवा चारा

लसूणघास वाढत्या पिलांना उत्तम. त्यात प्रथिने व चुना ही दोन्ही गवतापेक्षा कितीतरी अधिक असतात व हाडे आणि मांस यांच्या वाढीस ती आवश्यक असतात. सावलीत वाळवलेला लसूणघास सहा महिन्यांपर्यंतच्या पिलांना गवताबरोबर रोज द्यावा. वाळवताना त्याची पाने गळतात व खरे पोषण पानांतच असते; म्हणून सकाळच्या दवात, पाने मऊ असताना, तो उलटापालटा करावा.

सहाव्या महिन्यानंतर मात्र लसूणघास हळूहळू कमी करून सातव्या महिन्यापर्यंत ससा मुख्यतः गवतावर आणावा. याचे कारण सशाच्या शरीरधर्मात आहे. इतर जनावरे आहारातील चुना गरजेपुरताच शोषून घेतात. ससा मिळेल तेवढा चुना शोषून घेतो व जादा चुना लघवीवाटे टाकतो. वाढीच्या वयात हा चुना हाडांत जातो. वाढ थांबल्यावर तो मूत्राशयात साचून खडे होण्याचा संभव असतो. लघवी दाट व पांढुरकी दिसणे ही त्याची सूचना होय.

ओला हिरवा चारा व भाज्यांचा पाला पिलांना द्यावा, परंतु बेताने. आई हिरवा चारा खात असेल व पिले तिच्याबरोबर तो कुरतडत आली असतील, तर त्यांना तो मानवतो. ज्या पिलाने तो कधी खाल्ला नाही, त्यास तो तीन महिन्यांचे झाल्यावर सुरू करावा. एका वेळी एकच पाला, तोही दोन-चार पाने, द्यावा. दोन-तीन दिवस लेंड्या पाहाव्यात व त्या घट्ट राहिल्या तरच प्रमाण वाढवावे. कोथिंबीर, गाजराचा व मुळ्याचा पाला, हरळी, मेथी ही पाने योग्य आहेत. कोबी-फुलकोबीच्या पाल्याने वायू धरतो व पालकात आम्लांश अधिक असतो. म्हणून ती अल्प प्रमाणात द्यावी. पाला धुऊन, पाणी निथळून व थोडा मलूल करून घालावा. कापून ढिगात ठेवल्यामुळे आतून तापलेला चारा पोटात जाऊन आंबतो. तो टाकून द्यावा.

चित्रांतून व गोष्टींतून ससा नेहमी गाजर खाताना दाखवितात. त्यामुळे मुले पिलास रोज गाजरे देतात. गाजर हे कंद असून त्यात साखरेचा अंश बराच असतो. मोठ्या सशास त्याची एखादी चकती खाऊ म्हणून चालेल. तीन महिन्यांच्या आतील पिलास गाजर किंवा फळ देऊच नये. गाजराचा पाला मात्र सशास गाजराहून हितकर आहे.

खुराक

वाढत्या पिलास चाऱ्याच्या जोडीस थोडा खुराक लागतो. त्यात प्रथिने सुमारे १६ ते १८ टक्के असावीत. सशासाठी तयार केलेला गोळीखुराक मिळत असल्यास तो वापरावा. कोंबड्यांचे खाद्य सशास घालू नये; त्यात तंतू फार थोडे असतात व मिसळलेली काही औषधे सशास घातक ठरतात. गोळीखुराक मिळत नसल्यास घरी पुढीलप्रमाणे एक किलो मिश्रण तयार करता येते.

मक्याचा भरडा २५० ग्रॅम
गव्हाचा कोंडा ३५० ग्रॅम
भुईमुगाची पेंड १८० ग्रॅम
हरभऱ्याची चुणी २०० ग्रॅम
खनिज मिश्रण १५ ग्रॅम
मीठ ५ ग्रॅम

मिश्रणावर पाण्याचा हलका हबका मारून ते मुठीत वळेल इतपत ओलसर करावे, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. जेवढे खपेल तेवढेच भिजवावे व उरलेले त्याच दिवशी काढून टाकावे. आंबलेला खुराक हे हगवणीचे एक कारण आहे. मध्यम जातीच्या पिलास दूध तुटल्यापासून आठ आठवड्यांपर्यंत रोज २५ ते ४० ग्रॅम व पुढे तीन महिन्यांपर्यंत ४० ते ६० ग्रॅम खुराक पुरे होतो. पूर्ण वाढ झाल्यावर हौसेने पाळलेल्या सशास दर किलो वजनामागे २० ते २५ ग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये. खुराकाची चटक लागलेले पिलू गवत सोडते व तेथूनच पोटाचे विकार सुरू होतात.

भुईमुगाची पेंड घेताना ती ताजी व कोरडी आहे याची खात्री करावी. दमट जागी ठेवलेल्या पेंडीवर बुरशी धरते व त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. हे विष यकृताचा नाश करते व ससा त्यास फार लवकर बळी पडतो. बुरशी खरवडून किंवा पेंड उन्हात वाळवून विष जात नाही. पावसाळ्यात पेंड पंधरवड्यापुरतीच आणावी.

ससा मुख्यतः तिन्हीसांजेस, रात्री व पहाटे खातो. म्हणून चाऱ्याचा मोठा वाटा सायंकाळी घालावा.

पाणी

चारा हिरवा असला तरी पिलास पाणी हवेच. पाणी मिळाले नाही की ससा कोरडा चारा खाणे थांबवितो व पोट आखडते. एक किलो वजनाच्या पिलास रोज सुमारे १०० मिलिलिटर पाणी लागते; उन्हाळ्यात याहून अधिक लागते. पाणी जड मातीच्या कुंड्यात ठेवावे, म्हणजे ते लवंडत नाही. कुंडे रोज घासावे. दूध पिणाऱ्या पिलांसाठी ते उथळ असावे.

सशाच्या अंगास घाम येत नाही. ३० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली की त्यास त्रास होऊ लागतो. विदर्भ व मराठवाड्यात वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत पिंजरा दाट सावलीत ठेवून भोवती ओले गोणपाट टांगावे, खुराक सकाळी लवकर व रात्री घालावा आणि पाणी दिवसातून तीन वेळा बदलावे.

काय देऊ नये

पाव, बिस्किटे, भात, भाकरी, गूळ, मिठाई व दूध हे पदार्थ पिलास देऊ नयेत. प्रेमाने दिलेला घास म्हणून ते अपाय करीत नाहीत असे नाही. कांदा, लसूण, बटाट्याचे मोड व पाला, टोमॅटोचा पाला हे वर्ज्य समजावेत. रुई, कण्हेर, धोतरा, एरंड, घाणेरी व गाजरगवत या वनस्पती चाऱ्यात येऊ देऊ नयेत. कोवळी ज्वारी व तिचे फुटवे यांत विषारी अंश असतो, हे जनावरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांस ठाऊक आहेच. सशासही ते वर्ज्य आहेत. सुबाभळीचा पाला सतत दिल्यास सशाचे केस झडतात. कापूस किंवा भाजीपाल्यावर कीटकनाशक फवारले असेल, तर त्या शेताच्या बांधावरील गवत कापून आणू नये.

पिलाची रोजची पाहणी

रोज सकाळी पिंजरा झाडताना लेंड्यांकडे लक्ष द्यावे. गोल, कोरड्या, सारख्या आकाराच्या व भरपूर लेंड्या म्हणजे पोट ठीक आहे. लेंड्या लहान व थोड्या झाल्या, तर तंतू किंवा पाणी कमी पडत आहे असे समजावे. मऊ लेंड्या न खाता तळाशी पडून राहत असतील, तर खुराक कमी करून गवत वाढवावे. पिलाचे दर आठवड्यास एकाच वेळी वजन करावे. वाढते पिलू ज्या आठवड्यात वाढले नाही, त्या आठवड्यात काहीतरी बिघडले आहे हे निश्चित.

बारा तास काही न खाणे, दात कराकरा वाजविणे, पोट फुगणे व पाण्यासारखी हगवण ही संकटाची चिन्हे होत. अशा वेळी खुराक व हिरवा पाला बंद करून गवत व पाणी समोर ठेवावे आणि पिलास विनाविलंब पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. माणसांची किंवा शेळ्यांची उरलेली औषधे कधीही पाजू नयेत. ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिली असता सशाच्या अंधांत्रातील उपयुक्त जंतू मरतात, घातक जंतू माजतात व ससा औषधानेच दगावतो.

ग्रामसेवकांसाठी

ज्या गावात पिलांची विक्री होते तेथे ग्रामसेवकांनी पाळणाऱ्यांस दोन गोष्टी पटवून द्याव्यात. आठ आठवडे पूर्ण झाल्याखेरीज पिलू विकू नये. आणि विकलेल्या प्रत्येक पिलाबरोबर आठवड्याभराचा ओळखीचा खुराक व गवताची एक जुडी द्यावी. दोन-तीन आठवडे अधिक सांभाळल्याने खर्च थोडा वाढतो. परंतु जगलेले पिलू पाहून शेजारी दुसरे पिलू घ्यावयास येतो, मेलेले पिलू पाहून कोणी येत नाही. शाळेतील मुलांनी ससा पाळला असेल, तर गवत घालणे, पाणी बदलणे व लेंड्या पाहणे ही तीन कामे त्यांच्याकडे पाळीपाळीने सोपवावीत व सुटीच्या दिवशी ती कोण करणार हे आधीच ठरवावे.

थोडक्यात सांगावयाचे तर, पिलू आईजवळ पुरेसे दिवस ठेवावे, चारा सावकाश बदलावा, गवत व पाणी अखंड असू द्यावे आणि धान्य व गोडधोड दूर ठेवावे. बांधावरचे गवत वेळीच कापून नीट वाळवून ठेवणारा शेतकरी सशाच्या पिलांच्या आहाराची निम्म्याहून अधिक तजवीज त्या एकाच कामात करून ठेवतो.